भरतीपुरतं शरीर

गोंदिया शहर कुठे संपतं आणि फुलचूर कुठे सुरू होतं, हे नव्या माणसाला आता सांगता येत नाही. फुलचूर नाका मागे टाकून गोरेगावच्या रस्त्याला लागलं की दुतर्फा दुकानं, नवी घरं, आणि त्यांच्या मागे अजून तग धरून असलेल्या धानाच्या बांध्या. याच रस्त्यानं पुढे कारंजाला जिल्हा पोलीस मुख्यालय आहे. पहाटे पाचच्या आधी या बाजूला जो धावताना दिसेल तो बहुतेक भरतीची तयारी करणारा असतो. पोरं असतात, अलीकडे पोरीही असतात. मोबाइलवर स्टॉपवॉच लावायचं, रस्त्याच्या कडेनं राऊंड मारायचे, मग कुठल्यातरी मोकळ्या प्लॉटवर गोळाफेक, आणि उजाडलं की घरी जाऊन लेखीची पुस्तकं उघडायची.

गोंदिया जिल्ह्यात शरीर कमावण्याची सर्वांत मोठी चळवळ कोणती, असं विचाराल तर माझं उत्तर भरती हेच आहे. जिम, योगवर्ग, मॅरेथॉन, शाळेचा पीटीचा तास यांपैकी कशानंही इतक्या तरुणांना इतक्या पहाटे अंथरुणातून उठवलेलं नाही. ही मेहनत मोलाची आहे आणि तिच्याबद्दल मला आदर आहे. पण या चळवळीला एक वयोमर्यादा आहे. पोलीस शिपाई पदासाठी खुल्या गटाला २८ आणि मागासवर्गीयांना ३३ वर्षं. निवड झाली तरी धावणं थांबतं, नाही झाली तरी थांबतं. निवड न झालेल्याचं तर जास्तच थांबतं, कारण ग्राउंड म्हटलं की त्याला अपयश आठवतं. तंदुरुस्ती ही परीक्षा झाली की परीक्षेनंतर पुस्तक मिटतं तसं शरीरही मिटतं. फुलचूरसारख्या गावातला तंदुरुस्तीचा प्रश्न मला तरी इथे, पस्तिशीच्या उंबरठ्यावर दिसतो.

पस्तिशीनंतर काय होतं ते आकड्यांत पाहू. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या मधुमेहावरच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे आणि आणखी साडेतेरा कोटींच्या आसपास माणसं त्याच्या उंबरठ्यावर आहेत. उच्च रक्तदाबाचं प्रमाण तर तिनांत एकाहून थोडं जास्तच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ मध्ये आलेल्या अहवालानुसार भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नाहीत. बायकांमध्ये हे प्रमाण ५७ टक्के, पुरुषांमध्ये ४२ टक्के. हे सगळं पुण्या-मुंबईचं दुखणं आहे असं समजण्याचे दिवस गेले. गोंदियातल्या कुठल्याही फॅमिली डॉक्टरच्या बाकावर अर्धा तास बसलं तरी हे कळतं.

इथे एक आक्षेप हमखास येतो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आम्ही दिवसभर राबतो, आम्हाला कसला व्यायाम? जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी चालते तेव्हा बाई सकाळपासून घोटाभर चिखलात कमरेत वाकलेली असते. डाव्या हातात पऱ्ह्यांची जुडी, उजव्या हातानं दोन-तीन काड्या चिखलात खोवायच्या, एक पाऊल मागे सरकायचं, पुन्हा खोवायच्या. संध्याकाळपर्यंत कमर सरळ होत नाही. राइस मिलमधला हमाल पोती पाठीवर घेऊन दिवसभर चढ-उतार करतो. यांना उद्या सकाळी अर्धा तास चाला असं सांगायला जीभ कशी रेटावी?

पण श्रम आणि व्यायाम यांत शरीराच्या हिशोबानं फरक आहे. श्रमात एकाच अवयवावर तोच ताण तासन् तास येतो, विसावा स्वतःच्या मर्जीनं मिळत नाही, आणि थकलेलं शरीर भरून निघायच्या आत दुसरा दिवस उजाडतो. व्यायामात ताण मोजून दिला जातो, सगळ्या सांध्यांना वाटून दिला जातो आणि मध्ये विश्रांती असते. कोपनहेगनमधल्या एक लाखाहून जास्त प्रौढांवर झालेल्या अभ्यासात हाच फरक समोर आला. फावल्या वेळात हालचाल करणाऱ्यांचा हृदयविकाराचा धोका कमी दिसला. कामावर जड कष्ट करणाऱ्यांना तो फायदा मिळाला नाही, उलट त्यांचा धोका वाढलेला आढळला. म्हणजे रोवणी करणाऱ्या बाईला आणखी कष्ट नकोत. तिला पाठ मागे वाकवणारी, खांदे मोकळे करणारी, मांड्यांचे मागचे स्नायू ताणणारी पंधरा मिनिटं हवीत, आणि नंतर खरी विश्रांती हवी. भुजंगासन नावाची गोष्ट तिच्या इतकी कोणाच्याच उपयोगाची नाही, आणि योगदिनाच्या फोटोत नेमकी ही बाईच नसते.

शिवाय श्रमही आता पूर्वीसारखे राहिलेले नाहीत. धान कापायला हार्वेस्टर येतो, चुरायला मशीन आहे, फुलचूरहून गोंदियाच्या बाजारात जायला दारात मोटारसायकल आहे. बापानं जे कष्ट केले ते मुलगा करत नाही, पण ताटातला भात मात्र बापाइतकाच आहे.

मग किती हालचाल पुरेशी? जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये सांगितलेलं माप साधं आहे. प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम हालचाल करावी किंवा ७५ मिनिटं जोराची, आणि आठवड्यातून दोनदा तरी स्नायूंना ताकद देणारा व्यायाम. मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं. पासष्टीपुढच्यांनी याखेरीज आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव करावा. मध्यम म्हणजे किती, हे ओळखायला घड्याळ लागत नाही. चालताना बोलता यावं पण गाता येऊ नये, इतका वेग. तंदुरुस्तीचे मुख्य घटकही मोजकेच: दम, ताकद, लवचीकपणा, तोल आणि चपळाई. एकही खेळ हे सगळं एकट्यानं देत नाही. त्यामुळे कुठला खेळ चांगला असं विचारण्यापेक्षा आपल्याकडे यातलं काय कमी आहे ते आधी पाहावं आणि खेळ त्यावरून निवडावा.

भरतीवाल्यांपासूनच सुरुवात करू, कारण त्यांच्याकडे जिद्द आहे आणि पद्धत कमी आहे. पोलीस शिपायाची मैदानी चाचणी ५० गुणांची. पुरुषांना १६०० मीटर, १०० मीटर आणि ७.२६ किलोचा गोळा. महिलांना ८०० मीटर, १०० मीटर आणि ४ किलोचा गोळा. १६०० मीटरला पूर्ण २० गुण हवे असतील तर ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत यावं लागतं. ४०० मीटरच्या ट्रॅकवर हे चार राऊंड, म्हणजे प्रत्येकी साडेसत्त्याहत्तर सेकंद. शिटी वाजली की नवखा पोरगा गर्दीबरोबर सुटतो आणि पहिला राऊंड सत्तरच्या आत काढतो. दुसऱ्यात श्वास तोंडानं सुरू होतो. तिसऱ्यात मांड्या शिशासारख्या जड होतात, खांदे कानापर्यंत चढतात, मुठी आवळल्या जातात, आणि पहिल्या राऊंडात कमावलेले सेकंद दामदुपटीनं परत जातात. चौथा राऊंड निव्वळ जिद्दीवर निघतो. ज्याला वेग वाटून घेता येतो तो पहिल्या राऊंडात मागे दिसतो आणि तिसऱ्यात एकेकाला गाठत जातो. ही गोष्ट शिकवण्यासारखी आहे, आणि ती शिकवणारा माणूस रस्त्याच्या कडेला नसतो.

रोज उठून १६०० मीटर जीव तोडून धावणं हा सराव म्हणजे रोज वार्षिक परीक्षा देण्यासारखा आहे. आठवड्यातले तीन-चार दिवस संथ आणि लांब धावावं, एक दिवस ४०० मीटरचे तुकडे करून मध्ये विसावा घ्यावा, एक दिवस मांड्या, पोट आणि पाठ यांची ताकद वाढवावी, आणि एक दिवस पूर्ण सुट्टी. दम संथ धावण्यातूनच वाढतो हे पोरांना पटत नाही, कारण संथ धावताना आपण काही करतोय असं वाटत नाही. नडगीच्या हाडाच्या आतल्या बाजूला ठणका लागला तर ती डांबरी रस्त्याची आणि घाईची खूण असते. त्यावर बाम चोळून पुन्हा धावल्यानं हाडाला बारीक चीर जाण्यापर्यंत वेळ येते.

आपल्या भागासाठी दोन गोष्टी वेगळ्यानं सांगायला हव्यात. पहिली ऊन. एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळिशीकडे जातो, तेव्हा सकाळी सातनंतर आणि सूर्य कलण्याच्या आत धावू नये. दुसरी सिकलसेल. पूर्व विदर्भात हा आनुवंशिक आजार घरोघरी ऐकू येतो, पण मैदानावर त्याचं नाव कोणी काढत नाही. जो फक्त वाहक आहे, म्हणजे ज्याचा अहवाल ‘एएस’ येतो, तो एरवी धडधाकट असतो आणि त्यानं खेळू नये असं अजिबात नाही. अमेरिकी लष्करातल्या सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांवरचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वाहकांचा मृत्यूचा धोका वाढलेला आढळला नाही, मात्र अतिश्रमानं स्नायू मोडून रक्तात उतरण्याचा धोका ५४ टक्क्यांनी जास्त निघाला. म्हणून वाहकानं पाणी भरपूर प्यावं, सराव हळूहळू वाढवावा, उन्हात जोर करू नये, आणि स्नायू आखडून असह्य दुखू लागले तर तिथेच थांबावं. ‘एसएस’ म्हणजे प्रत्यक्ष आजार असलेल्यानं डॉक्टरांना विचारल्याशिवाय अशा चाचणीला उभं राहू नये. तपासणी सरकारी दवाखान्यात होते. ग्राउंडची तयारी सुरू करण्याआधी ती करून घेणं ही प्रत्येक अकॅडमीची पहिली अट असली पाहिजे.

आता खेळांकडे वळू. झाडीपट्टीचा, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भाचा खेळ कोणता, याचं उत्तर कबड्डी. धान निघाले, पुंजणे लागले, गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, सुरू झाल्या की कबड्डीचे सामने जाहीर होतात. वजनगट ठरतात, हॅलोजन लागतात, कडाक्याच्या थंडीत लोक शाल गुंडाळून मध्यरात्रीपर्यंत बसतात. पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर, एका बाजूला सात खेळाडू, आणि चढाईला ३० सेकंद. या तीस सेकंदांत चढाईपटू पंज्यांवर नाचतो, एक हात पुढे काढून कोपरारक्षकाला भुलवतो, पाय मागे फेकून बोनस रेषेचा अंदाज घेतो, आणि हे सगळं एका दमात ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत. छोट्या वेळात स्फोटक ताकद, लगेच विसावा, पुन्हा तेच, अशी शरीराची घडण या खेळात होते. मांड्या, कमर, पकड आणि डोकं या चारही गोष्टी लागतात. धोका मुख्यतः गुडघ्याला आणि घोट्याला. रात्री आठला घरून जेवून निघालेला पोरगा अकराला थंड अंगानं थेट मैदानात उतरतो आणि पहिल्याच पकडीत गुडघ्याचा अस्थिबंध तुटतो, अशा कथा प्रत्येक गावात आहेत. आयोजक बक्षिसाच्या रकमेचा फलक लावतात. त्याशेजारी वीस मिनिटांच्या वॉर्म-अपसाठी जागा आणि एक बर्फाची पेटी ठेवली तर कितीतरी गुडघे वाचतील.

खो-खोवर माझा विशेष जीव आहे, आणि शाळांसाठी माझी पहिली शिफारस तोच आहे. त्याला लागतात दोन खांब, चुना आणि सपाट जमीन. आठ जण एकाआड एक उलट दिशांना तोंड करून बसतात, नववा पाठलाग करतो. बसलेल्याची बैठकही खेळाचाच भाग आहे. पंजे रोवलेले, एक पाय किंचित मागे, हात जमिनीला टेकलेले, पाठीवर ‘खो’ पडताच क्षणात उसळायचं. पाठलाग करणाऱ्याला दिशा घेतल्यावर मागे फिरता येत नाही, मधली रेषा ओलांडता येत नाही. पळणाऱ्याला हे बंधन नाही. त्यामुळे ताकदवानापेक्षा हुशार आणि चपळ पोर इथे पुढे जातं. पाठलाग करणाऱ्यांना एकमेकांवाचून काही करता येत नाही, म्हणून एकलकोंडं मूलही यात रुळतं. या खेळाचे सुरुवातीचे नियम गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकात पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर बांधले गेले. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला, तेव्हा भारताचे पुरुष आणि महिला दोन्ही संघ नेपाळला हरवून जिंकले. दोन्ही संघांचे कर्णधार महाराष्ट्राचे होते, प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठणारी साताऱ्याची ललिता बाबर शाळेत खो-खो खेळायची, हेही फुलचूरच्या शिक्षकांनी वर्गात सांगावं.

स्टीपलचेस म्हटल्यावर अविनाश साबळेचं नाव येणारच. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा हा मुलगा शाळेसाठी रोज कित्येक किलोमीटर पायी जायचा, लष्करात भरती झाला आणि खरं मैदान त्याला त्यानंतर सापडलं. २०२३ च्या हांगझोउ आशियाई स्पर्धेत त्यानं सुवर्ण जिंकलं. त्याच्या बाबतीत भरती ही सुरुवात ठरली. आपल्याकडे ती शेवट का ठरते, याचा विचार करताना मला हे उदाहरण सारखं आठवतं.

धनुर्विद्येचा विचार तर या जिल्ह्यानं गांभीर्यानं करायला हवा. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावच्या जंगलपट्ट्यात तिरकामठा परका नाही. नागपूरचा ओजस देवतळे आणि साताऱ्याची आदिती स्वामी यांनी २०२३ मध्ये बर्लिनला कंपाउंड प्रकारात जगज्जेतेपद मिळवलं, आणि ओजसनं त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत तीन सुवर्णं आणली. कंपाउंड धनुष्याची किंमत सामान्य घराला झेपणारी नाही, पण नवख्यांसाठी बांबूच्या धनुष्याचा ‘इंडियन राऊंड’ हा प्रकार आहे आणि तिथून सुरुवात करता येते. खांदे, पाठ आणि श्वासावरचा ताबा यासाठी हा खेळ उत्तम.

पोहण्याचं आपल्याकडे उलटं झालं आहे. मालगुजारी तलावांचा हा जिल्हा, गावागावात बोडी; पूर्वी पोर आपोआप पोहायला शिकायचं. आता पालक धास्तीनं सोडत नाहीत, आणि न शिकलेलं पोर चोरून उतरतं तेव्हा बुडतं. दम, खांदे, पाठ सगळ्यांना पोहण्याइतका निर्धोक व्यायाम दुसरा नाही, गुडघेदुखीच्या माणसाला तर नाहीच. पोहणाऱ्या मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली, दोर आणि ट्यूब घेऊन, उन्हाळ्याच्या सुट्टीत गावानं वर्ग घ्यावा. ज्यांच्या पिढ्या पाण्यावर गेल्या त्या ढिवर समाजातले जाणते लोक याचे गुरू होऊ शकतात, आणि त्यांना त्याचं मानधन मिळावं.

मल्लखांब, कुस्ती आणि जोर-बैठका यांचा वारसा महाराष्ट्राला मोठा आहे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्य मिळवणाऱ्या खाशाबा जाधवांचा १५ जानेवारी हा जन्मदिवस आता राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. विदर्भापुरतं बोलायचं तर अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभं आहे. वैद्य बंधूंनी लावलेल्या या रोपट्याचा चमू १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवून आला, आणि आजही विदर्भातल्या कितीतरी शाळांचे पीटीचे सर तिथेच घडलेले असतात. सूर्यनमस्काराला काहीच लागत नाही. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी शंभर वर्षांपूर्वी तो घराघरात नेला. ज्याला मैदान नाही, वेळ नाही, पैसे नाहीत, त्यानं सावकाश बारा सूर्यनमस्कारांपासून सुरुवात करावी.

क्रिकेटबद्दल थोडक्यात. टेनिस बॉलचं क्रिकेट आनंदासाठी जरूर खेळावं, पण एका सामन्यात बहुतेक पोरं बहुतेक वेळ उभी असतात. बॅडमिंटन, व्हॉलीबॉल, फुटबॉल यांत शरीर कितीतरी जास्त हलतं.

मुलींचा प्रश्न स्वतंत्र आहे, आणि माझ्या मते सर्वांत मोठा. दहा-अकराव्या वर्षापर्यंत लंगडी आणि डाबडुबली खेळणारी मुलगी चौदाव्या वर्षी मैदानावरून नाहीशी होते. पाळी, कपडे, लोकांच्या नजरा, घरचं काम, आणि मैदानाजवळ स्वच्छतागृह नसणं ही त्याची कारणं, आणि ती सगळ्यांना माहीत आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायका रक्तक्षयी आढळल्या. अंगात रक्तच नसेल तर ८०० मीटरला दम कुठून पुरणार? भरतीच्या तयारीला लागलेल्या मुलीनं आधी हिमोग्लोबिन तपासावं. मानव विकास कार्यक्रमातून मुलींना शाळेसाठी सायकली मिळाल्या. शिक्षणासाठी दिलेल्या त्या सायकलींनी या जिल्ह्यातल्या मुलींच्या पायांना जो व्यायाम दिला तो मोठा आहे. पोरगी अकरावीला गेली की ती सायकल भावाला देऊ नका.

ताटाबद्दल बोलल्याशिवाय हा आढावा पुरा होत नाही. आपलं ताट भाताचं आहे, आणि त्यात भाताचा दोष नाही; भाताशेजारी जे कमी पडतं त्याचा आहे. साठ किलोच्या माणसाला रोज सुमारे ५० ग्रॅम प्रथिनं लागतात, सराव करणाऱ्याला त्याहून जास्त. एका अंड्यातून सहा ग्रॅम मिळतात, शंभर ग्रॅम कोरड्या हरभऱ्यातून वीसच्या आसपास. वरण घट्ट करा, भिजवलेले चणे-मूग खा, तलावातली मासळी खा. महागड्या डब्यातल्या पावडरीवर महिन्याचा पैसा घालवण्याची गरज भरतीच्या पोराला नाही, आणि जिममध्ये कोणी इंजेक्शन सुचवलं तर ती जिम सोडावी. आणि खर्रा. पहाटे पाच किलोमीटर धावून आल्यावर नाक्यावर खर्रा घोटून घेणारे तरुण पाहिले की जीव तुटतो. खर्ऱ्यातली तंबाखू नाडी वाढवते, रक्तवाहिन्या आकसवते, त्यातली सुपारी तोंड उघडेनासं करते आणि दोन्ही कर्करोगाकडे नेतात. ज्याला १६०० मीटर मारायचे आहेत त्यानं हा एक पदार्थ सोडला तरी त्याचे सेकंद कमी होतील.

तिशीनंतर स्नायू दर दशकाला तीन ते आठ टक्क्यांनी घटतात, आणि ही घट मुख्यतः ताकदीच्या व्यायामानं आवरते. म्हणून चाळिशीच्या माणसाला नुसतं चालणं पुरत नाही. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणं-बसणं, भिंतीला टेकून जोर, पाण्यानं भरलेल्या बाटल्या उचलणं इतक्यापासून सुरुवात होते. साठीपुढे खरी भीती पडण्याची असते. भिंतीजवळ उभं राहून आळीपाळीनं एका पायावर दहा-दहा सेकंद तोल धरण्याचा सराव केला तर मांडीच्या हाडाचं एखादं ऑपरेशन टळतं. मधुमेही माणसानं जेवणानंतर पंधरा मिनिटं अंगणात फिरावं. साखर आवरायला याच्याइतका स्वस्त उपाय नाही. छातीत दुखत असेल, किंवा बीपी-साखरेची गोळी चालू असेल, तर व्यायाम सुरू करण्यापूर्वी एकदा डॉक्टरांना विचारावं.

आता मैदान. फुलचूरसारखी गावं विचित्र कोंडीत सापडतात. शहराची वस्ती सरकत येते, मोकळ्या जागांचे प्लॉट पडतात, आणि शहरातलं जिल्हा क्रीडा संकुल लहान मुलाला एकट्यानं जाण्याइतकं जवळ नसतं. शिक्षण हक्क कायद्यानं २००९ मध्ये प्रत्येक शाळेला मैदान असावं असं सांगितलं आणि शंभरहून जास्त पटाच्या उच्च प्राथमिक शाळेला आरोग्य व शारीरिक शिक्षणाचा अंशकालीन निदेशकही. पण शाळा सुटली की फाटकाला कुलूप लागतं. गावातली सर्वांत सपाट, सर्वांत सुरक्षित जागा संध्याकाळी पाच ते सकाळी दहा बंद असते आणि पोरं अंधारात ट्रकांच्या शेजारून धावतात. मला याहून उधळपट्टीची दुसरी गोष्ट दिसत नाही. हिरव्या रंगाची ओपन जिमची यंत्रं बसवण्यापेक्षा हे फाटक उघडणं स्वस्त आहे आणि जास्त उपयोगाचं आहे.

जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्फत क्रीडांगण विकास आणि व्यायामशाळा विकास अशा अनुदान योजना चालतात. ग्रामपंचायतीचा विकास आराखडा दरवर्षी होतो, त्यात रस्ता-नालीबरोबर मैदानालाही जागा मिळू शकते. फुलचूरच्या आणि आसपासच्या गावकऱ्यांनी येत्या ग्रामसभेत चार मागण्या लेखी द्याव्यात: शाळेचं मैदान सकाळी पाच ते सात आणि संध्याकाळी पाच ते आठ उघडं ठेवणं, तिथे दोन दिवे, एक स्वच्छतागृह, आणि मोजून चुन्यानं आखलेला मातीचा ट्रॅक. शिकवायला माणूस कुठून आणायचा, हा प्रश्न उरत नाही. भरतीचं वय उलटून गेलेले, शेकडो राऊंड मारलेले तरुण गावात आहेत. १६०० मीटर कसे वाटून धावायचे हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नाही. ग्रामपंचायतीनं त्यांच्याशी बोलावं, आणि त्यांनी स्वतःही पुन्हा बूट बांधावेत.